नगरपरिषद जेसीबी कसा घेते? तालुक्याच्या गावातले वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दारव्हा, मोर्शी, आर्वी, मूल, देऊळगाव राजा. विदर्भातल्या अशा गावांत नगरपरिषदेची नवी गाडी आली की हार-नारळ होतो, फोटो निघतात आणि चार दिवस चौकात चर्चा चालते. ती गाडी कोणी ठरवली, कोणत्या पैशातून आली, दर कसा निघाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. लोक जे प्रश्न खरोखर विचारतात ते इथे घेतले आहेत. उत्तरं नगरपरिषदा आणि नगरपंचायतींपुरती आहेत. नागपूर, अमरावती, अकोला, चंद्रपूर इथल्या महानगरपालिकांचा कायदा वेगळा आहे.

जेसीबी, टिप्पर, घंटागाडी घ्यायची हे मुळात ठरवतं कोण?

कायद्याने सर्वसाधारण सभा. महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ हा या सगळ्याचा पाया. पण सभेपुढे विषय येण्याआधी एक टिपणी, म्हणजे प्रस्तावाचा कार्यालयीन कागद, फिरते. कचरा, नाल्या, धूर मशीन यांची मागणी आरोग्य विभागाकडून निघते, रोलर किंवा टिप्परची बांधकामाकडून, टँकरची पाणीपुरवठ्याकडून. टिपणीवर अभियंत्याचा अभिप्राय येतो, लेखापाल 'तरतूद आहे' किंवा 'नाही' असा शेरा मारतात, मग मुख्याधिकाऱ्यांची सही. त्यानंतर समिती आणि शेवटी सभा. सभेत हा विषय दोन मिनिटांत मंजूर होतो, कारण जे काही ठरायचं ते टिपणीतच ठरून गेलेलं असतं. ज्या नगरसेवकाला खरंच लक्ष घालायचं आहे त्याने ठरावाआधी टिपणी वाचावी. फार थोडे वाचतात.

निवडून आलेली सभा नसते तेव्हा शासनाने नेमलेला प्रशासक तिचे अधिकार वापरतो. २०२१-२२ च्या सुमारास मुदत संपलेल्या बहुतेक नगरपरिषदा डिसेंबर २०२५ च्या निवडणुकांपर्यंत अशाच चालल्या. त्या काळातले खरेदीचे ठराव प्रशासकाच्या सहीचे आहेत. बाकी कागद मात्र तेच आणि तेवढेच लागतात.

पैसा कुठून येतो?

इथे थोडं थांबून वाचा, कारण पुढच्या अर्ध्या प्रश्नांचं मूळ यातच आहे.

मोठा वाटा अनुदानाचा. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१-२२ ते २०२५-२६ या काळात लहान-मध्यम शहरांना मिळालेल्या निधीपैकी ६० टक्के रक्कम बांधील होती: निम्मी पिण्याचं पाणी, पर्जन्यजल संधारण यांसाठी आणि निम्मी स्वच्छता व घनकचऱ्यासाठी. उरलेली ४० टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापना खर्चाला तीही चालत नव्हती. जेसीबीच्या टिपणीत 'घनकचरा व्यवस्थापनाकरिता' हे शब्द हमखास दिसतात ते यामुळेच. स्वच्छ भारत अभियान (नागरी) २.० हे ऑक्टोबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्यातूनही कचरा वाहतुकीची साधनं येतात. जिल्हा नियोजन समितीचा निधी हा तिसरा रस्ता. तिथे पालकमंत्र्यांकडे वजन असलेल्या गावाची गाडी आधी येते, हे लपवण्यात अर्थ नाही.

शेवटचा स्रोत स्वनिधी, म्हणजे मालमत्ता कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजार फी. ४० हजारांपर्यंत लोकसंख्येची नगरपरिषद क वर्गात येते. अशा गावात कराची वसुली मार्चमध्ये दवंडी पिटल्याशिवाय हलत नाही, आणि बाराही महिने तंगी असते.

म्हणजे गाडी येते अनुदानातून आणि तिचं डिझेल, चालक, टायर, विमा हे सगळं निघतं स्वनिधीतून. खरेदीच्या प्रस्तावात गाडीच्या किमतीचा आकडा रुपया-पैशांपर्यंत असतो, चालवायच्या खर्चाचा बहुतेक वेळा नसतोच. सभेत विचारायचा एकच प्रश्न निवडायचा असेल तर हा विचारा: या मशीनला वर्षाला चालवायला किती लागतील आणि ते अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून?

"जेसीबी घेतला, मंग नाल्या काऊन साफ होत नाहीत?"

तीन कारणं, आणि तिसरं सर्वांत साधं आहे.

पहिलं वर आलंच: डिझेलचं बिल थकलं की पंपवाला उधारी बंद करतो आणि मशीन आवारात उभं राहतं. दुसरं, चालक. नगरपरिषदेची पदं शासनाने मंजूर केलेल्या आकृतिबंधात ठरलेली असतात. नवं मशीन आलं म्हणून चालकाचं नवं पद आपोआप तयार होत नाही. मग माणूस बाह्यस्रोताने घ्यायचा, त्याची वेगळी निविदा. ती होईपर्यंत पाण्याच्या टँकरचा चालकच जेसीबीवर बसवला जातो. पाणी आलं नाही म्हणून बायाबापड्या ओरडल्या की तो पुन्हा टँकरवर.

तिसरं म्हणजे माप. जेसीबीच्या मागच्या बकेटची रुंदी साधारण दोन फूट असते. वॉर्डातली नाली एक-सव्वा फुटाची, वरून लोकांनी टाकलेल्या फरश्या, ओटे, गाडी चढवायचे रॅम्प. तिथे बकेट उतरतच नाही. जेसीबी गावाबाहेरच्या मोठ्या नाल्याला, कचरा डेपोवर ढिगारे सरकवायला, अतिक्रमण काढायला आणि मुरूम पसरायला उपयोगाचा. गल्लीतल्या नालीला फावडं-घमेलं, छोटी ट्रॉली आणि माणसं लागतात. ज्या वॉर्डाची तक्रार 'नाली तुंबते' अशी आहे, तिथे जेसीबी हे उत्तर नव्हतंच. ही गोष्ट टिपणीच्या पहिल्या पानावर कळायला हवी होती.

विकत घ्यावा की भाड्याने लावावा?

गणित करून पाहा. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, तुमच्या गावचे दर त्यात घाला.

मशीन ३६ लाखांचं आणि दहा वर्षांनी ६ लाखांना विकलं जाईल असं धरलं तर वर्षाची झीज ३ लाख. चालक महिना २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. डिझेल तासाला ६ लिटर, लिटर ९२ रुपये, म्हणजे तासाला ५५२. विमा, सर्व्हिसिंग, टायर, होज पाइप मिळून कामाप्रमाणे दीड ते सव्वादोन लाख. भाड्याचं मशीन चालक-डिझेलसह तासाला ११०० रुपये धरू.

वर्षाला ४०० तास काम असेल तर स्वतःच्या मशीनचा खर्च सुमारे ९ लाख २० हजार, भाड्याचा ४ लाख ४० हजार. हजार तासांना स्वतःचं १२ लाख ८० हजार, भाड्याचं ११ लाख. १५०० तासांच्या आसपास दोन्ही बरोबरीला येतात आणि त्याच्यापुढे स्वतःचं परवडतं. १५०० तास म्हणजे वर्षाचे तीनशे दिवस रोज पाच तास. वीस-पंचवीस हजार वस्तीच्या गावात एवढं काम असतं का, हे आरोग्य निरीक्षकाला विचारा, तो हसेल.

अनुदानातून आल्यामुळे मशीन 'फुकट' पडलं असं कोणी म्हणेल. झीज बाजूला ठेवली तरी ४०० तासांना स्वनिधीतून ६ लाखांवर जातात, भाड्यापेक्षा जास्तच.

भाड्याची एक खोट मात्र खरी आहे. मे महिन्यात आणि मृग लागण्याच्या तोंडावर तालुक्यातले सगळे जेसीबी शेतावर असतात: बांधबंदिस्ती, शेततळी, नाला खोलीकरण. नेमकी तेव्हाच नगरपरिषदेला मान्सूनपूर्व सफाई करायची असते. फोन कोणी उचलत नाही, उचलला तर दर वाढलेला. यावर उपाय म्हणजे हिवाळ्यातच निविदा काढून तासाचा दर वर्षभरासाठी बांधून घेणं, आणि बोलावल्यापासून किती तासांत मशीन पोचलं पाहिजे व नाही पोचलं तर दंड किती हे करारात लिहिणं.

अंदाजपत्रकात तरतूदच नसेल तर?

तर खरेदी पुढे जायला नको. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं आणि अंदाजपत्रक त्याआधी सभेने मंजूर केलेलं असतं. मध्येच गरज पडली तर एका शीर्षातून दुसऱ्यात रक्कम वळवता येते, पण तीही रीतसर मंजुरीने. 'आधी घेऊ, मग कार्योत्तर मंजुरी' हा प्रकार स्थानिक निधी लेखापरीक्षेत आक्षेप म्हणून नोंदला जातो आणि वर्षानुवर्षं अनुपालनाविना लोंबकळतो.

प्रशासकीय मान्यता आणि तांत्रिक मान्यता यांत फरक काय?

प्रशासकीय मान्यता म्हणजे 'ही वस्तू घ्या, एवढ्या पैशात घ्या' असं सक्षम अधिकाऱ्याचं म्हणणं. निधी जिल्हा नियोजनाचा किंवा शासनाच्या योजनेचा असेल तर ही मान्यता बहुधा जिल्हाधिकारी कार्यालयातून येते. तांत्रिक मान्यता म्हणजे 'मागितलेलं माप, क्षमता आणि अंदाजित किंमत बरोबर आहे' असा जाणकाराचा दाखला. रस्ता-इमारतीत तांत्रिक मान्यतेला फार जपतात. गाड्यांच्या बाबतीत ती उरकली जाते. कंपनीच्या विक्रेत्याने दिलेलं कोटेशन जोडलं की झाला अंदाज.

त्यातही जुनं कोटेशन चालवू नये. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आणि मालवाहू टिप्परवरचा २८ वरून १८ वर आला. त्याआधीच्या कोटेशनवर बेतलेला अंदाज तसाच पुढे नेला तर लाखभर रुपयांची फुगवलेली जागा आयतीच तयार होते.

जेम पोर्टल आणि ई-निविदा यांपैकी कशावर खरेदी होते?

राज्यातल्या सरकारी खरेदीची कार्यपद्धती उद्योग विभागाच्या १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयातल्या खरेदी पुस्तिकेने ठरवून दिली आहे. जेम हे सरकारी खरेदीसाठीचं केंद्राचं ऑनलाइन पोर्टल, ते महाराष्ट्राने २०१७ मध्ये स्वीकारलं. जेमवर वस्तू उपलब्ध असेल तर तिथूनच घेण्याकडे कल असतो: लहान रकमेला थेट खरेदी, त्याहून मोठ्या रकमेला दरांची तुलना, आणि गाड्यांसारख्या मोठ्या खरेदीला ऑनलाइन बोली. जे तिथे बसत नाही त्याची निविदा राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर निघते, दोन लिफाफ्यांत: आधी तांत्रिक उघडायचा, पात्र ठरेल त्याचाच आर्थिक. ई-निविदा किती रकमेपासून बंधनकारक, ही मर्यादा शासन निर्णयांनी वेळोवेळी बदलत आली आहे. म्हणून जुन्या फाइलीतला आकडा पुढे करून वाद घालू नका, लेखा शाखेकडून चालू निर्णयाची प्रत घ्या.

दोन्ही पोर्टलवर निविदा कोणालाही पाहता येते. आपल्या नगरपरिषदेचं नाव टाकून महिन्यातून एकदा शोधायला पाच मिनिटं लागतात.

सगळं ऑनलाइन आहे, मग गडबड कुठे होते?

विनिर्देशात, म्हणजे वस्तू कशी हवी याच्या तपशिलात. पोर्टल फक्त दर पाहतं. काय घ्यायचं हे माणसंच लिहितात.

समजा टिप्परच्या निविदेत बॉडीची लांबी मिलिमीटरपर्यंत दिली, इंजिनचा असा आकडा दिला जो एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलशी जुळतो, आणि वर 'सर्व्हिस सेंटर २५ किलोमीटरच्या आत असावं' अशी अट घातली. तालुक्यात एकाच कंपनीचं सेंटर आहे. आता नाव न लिहिताच नाव लिहिलं गेलं. दुसरा प्रकार अनुभवाच्या अटीचा: 'मागील तीन वर्षांत पन्नास नगरपरिषदांना पुरवठा' मागितला की लहान उत्पादक बाहेर.

सर्व्हिस सेंटरची अट मुळात वाईट नाही, हेही सांगायला हवं. झरी-जामणी किंवा धारणीत मशीन बंद पडलं आणि मेकॅनिक नागपूरहून यायचा असला तर आठवडा जातो. पण ती किलोमीटरमध्ये लिहिण्यापेक्षा वेळेत लिहावी: तक्रारीपासून ४८ तासांत दुरुस्ती, नाही तर रोज इतका दंड. मग सेंटर कुठेही असो.

आपल्याकडच्या खरेदीत दोन गोष्टी हव्यात आणि त्या सहसा नसतात. पहिली, काळ्या मातीचा विचार. पावसाळ्यात मोकळ्या लेआउटमध्ये चिखल असा धरतो की साध्या मागच्या चाकांवर ओढणारं मशीन रुतून बसतं. चारही चाकांना ताकद देणारं मॉडेल महाग आहे, पण गावाचा अर्धा भाग कच्चा असेल तर तेच लागेल. दुसरी, जुन्या वस्तीतल्या गल्लीची रुंदी. ती टेपने मोजून निविदेत घाला. घंटागाडी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहिली तर लोक कचरा कोपऱ्यावर टाकणारच.

ज्याचा दर सर्वांत कमी त्यालाच काम द्यावं लागतं का? एकच निविदा आली तर?

तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांपैकी सर्वांत कमी दराचा, हा नियम. पहिल्या वेळी तीन पात्र निविदा आल्या नाहीत तर मुदतवाढ किंवा फेरनिविदा काढतात. पुढच्या वेळी कमी आल्या तरी दर वाजवी असल्याचं कारण लिहून स्वीकारता येतात. इथे 'वाजवी' कशावरून, हे फाइलीत दिसलं पाहिजे: शेजारच्या नगरपरिषदेने त्याच वर्षी काय दराने घेतलं, जेमवर काय भाव आहे. तीन निविदा आल्या म्हणून स्पर्धा झाली असंही समजू नका. तिघांचे दर शे-पाचशे रुपयांच्या फरकाने असतील तर ते एकाच टेबलावर बसून भरलेले असू शकतात.

एकाच वेळी दहा घंटागाड्या न घेता दोन-दोन करून घेतल्या तर?

ई-निविदेची रकमेची मर्यादा टाळण्यासाठी खरेदीचे तुकडे पाडणं नियमाला धरून नाही. निधी खरोखरच टप्प्याटप्प्याने आला असेल तर गोष्ट वेगळी. तारखा पाहिल्या की कळतं.

नगराध्यक्ष सभेशिवाय थेट आदेश देऊ शकतात का?

१९६५ च्या अधिनियमातलं कलम ५८(२) आणीबाणीसाठी आहे. लोकांच्या सेवेसाठी किंवा सुरक्षिततेसाठी तातडीचं काम करायला नगराध्यक्ष सांगू शकतात, नंतर ते सभेपुढे ठेवावं लागतं. पुरात वस्तीत पाणी शिरलं आणि त्या रात्री भाड्याचा जेसीबी लावला, हे त्यात बसतं. नवा जेसीबी विकत घेणं बसत नाही.

नगरसेवकाचाच जेसीबी नगरपरिषदेत भाड्याने चालतो. हे चालतं का?

नाही. नगरपरिषदेच्या कामात किंवा करारात प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हितसंबंध असणं ही कलम १६ प्रमाणे अपात्रता आहे, आणि पदावर असताना असं झालं तर कलम ४४ लागू होतं. पण मशीन कागदावर साळ्याच्या नाहीतर गड्याच्या नावाने असतं, आणि गावात सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट जिल्हाधिकाऱ्यांपुढे सिद्ध करायला कागद लागतो. आरसी, बिलाची रक्कम जमा झालेलं खातं, लॉगबुकवरच्या सह्या इथून सुरुवात करा.

आम्ही विरोध केला, तरी बहुमताने ठराव झाला. आता?

विरोध इतिवृत्तात कारणासह नोंदवून घ्या. नुसतं 'विरोध' लिहिलेलं असेल तर पुढे उपयोग नाही. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहिताविरुद्ध असेल तर कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. अर्ज पुरवठा आदेश निघण्याआधी करा. गाडी आवारात येऊन उभी राहिल्यावर स्थगितीने फारसं काही साधत नाही.

सगळी खरेदी मार्चमध्येच का होते?

निधी खर्च झाला नाही तर परत जाईल ही भीती, आणि 'उपयोगिता प्रमाणपत्र (निधी खर्च झाल्याचा दाखला) द्या, तरच पुढचा हप्ता' हा तगादा. गरजेची यादी आधी तयार नसल्यामुळे मार्चमध्ये जे पटकन मिळतं ते घेतलं जातं. त्यात अधूनमधून आचारसंहिता लागते, मग दोन महिने काहीच हलत नाही. मे महिन्यात नाल्यावर मशीन हवं असेल तर टिपणी आदल्या दिवाळीच्या सुमारास निघायला हवी.

जुन्या गाड्या भंगारात का काढल्या? चांगल्या चालत होत्या.

केंद्राच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं पूर्ण झालेल्या सरकारी वाहनांची नोंदणी नूतनीकृत होत नाही, आणि नगरपरिषदांची वाहनं त्यात येतात. अशी वाहनं नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यावी लागतात. तक्रार करायचीच तर ही करा की गाडीचं वय पंधरा वर्षं आधीपासून ठाऊक असताना बदली गाडीची तरतूद कोणी का केली नाही.

जेटिंग मशीन, सक्शन गाडी यांची खरंच गरज आहे का?

जेटिंग मशीन पाण्याच्या जोराने तुंबलेलं गटार मोकळं करतं, सक्शन गाडी मैला ओढून घेते. गरज आहे, आणि माझ्या मते जेसीबीच्या आधी. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उपसायला आणि संरक्षक साधनांशिवाय गटार-सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवायला बंदी आहे. तालुक्याच्या गावात भूमिगत गटार क्वचितच असते. घरोघरी सेप्टिक टँक. सक्शन गाडी नसेल तर खासगी टँकर येतो आणि रात्री गावाबाहेरच्या नाल्यात रिकामा होतो. या गाडीला उपसण्याचं शुल्क लावता येतं, म्हणजे डिझेलचे पैसे ती स्वतः काढू शकते. खरेदीच्या यादीत असं दुसरं मशीन सापडणं कठीण.

माहिती अधिकारात नेमकं काय मागावं?

दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. उत्तराची मुदत ३० दिवस. 'जेसीबी खरेदीची सर्व माहिती द्या' असं लिहू नका, गठ्ठा हाती येईल आणि त्यात काही सापडणार नाही. मूळ टिपणी, तुलनात्मक तक्ता, पुरवठा आदेश, साठा नोंदवहीचं पान, लॉगबुक आणि त्याच महिन्यांची डिझेलची बिलं मागा. त्यात एक ओळ जरूर घाला: मशीन ताब्यात घेतलं त्या दिवशीचं आणि आजचं तासमीटरचं वाचन. जेसीबीवर इंजिन किती तास चाललं ते मोजणारं मीटर असतं. लॉगबुकमध्ये ९०० तास आणि मीटरवर ३५० असतील तर उरलेल्या तासांचं डिझेल कुठे गेलं ते विचारायला वेगळा अर्ज लागत नाही, सभेत उभं राहून विचारा. मुदतीत उत्तर आलं नाही तर नगरपरिषदेतच पहिलं अपील, नंतर राज्य माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठाकडे दुसरं.

आमच्याकडे ग्रामपंचायत आहे. हेच नियम लागू का?

कायदा वेगळा: महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८. वित्त आयोगाचा पैसा असेल तर वस्तू आधी ग्रामपंचायत विकास आराखड्यात असावी लागते आणि आराखडा ग्रामसभेपुढे येतो. ट्रॅक्टर-ट्रॉली घ्यायची असेल तर तिथेच उठून विचारा की चालवणार कोण आणि डिझेल कशातून टाकणार.